मागचं दार, हवेसाठी

ह्या सगळ्याला वानरं जबाबदार आहेत, असं मी बरेच दिवस म्हणत होतो. अजूनही कोणी आमच्या गॅरेजचा विषय काढला की सुरुवात मी वानरांपासूनच करतो. तिथून सुरू केलं की गोष्ट हसण्यावारी जाते आणि त्यात माझं काय काय आहे ते लगेच बाहेर येत नाही.

आमचं घर वर्ध्याहून सेवाग्रामकडं निघालं की आतल्या अंगाला असलेल्या एका ले-आऊटमध्ये आहे. घरामागे भाजीपाल्याच्या वाड्या, वाड्यांच्या पलीकडे नाला. मी निवृत्त मास्तर. जन्मभर सायकलवर शाळेत गेलो. मुलानं पुण्यात नवी गाडी घेतली आणि जुनी आम्हाला पाठवून दिली. "आईचे गुडघे दुखतात बाबा, दवाखान्यात ऑटोनं किती दिवस नेणार?" म्हणाला. मग ह्या वयात मी गाडी शिकलो. शिकवणारा पोरगा मला 'सर, ब्रेक' एवढंच म्हणायचा, तेही हात जोडून.

गाडी दारासमोर उभी राहू लागली आणि वानरांना तिचा शोध लागला. टपावर उड्या, बॉनेटवर बैठक, आरशात स्वतःचं तोंड दिसलं की आरशालाच थापडा. एका दिवशी मोठ्या हुप्प्यानं वायपर उपटलं आणि कडुनिंबावर जाऊन बसला. मी खालून काठी आपटत त्याला शिव्या घालतोय आणि तो वरून वायपर हातात धरून माझ्याकडे पाहतोय, शाळा तपासायला आलेल्या साहेबासारखा. शेजारपाजारची माणसं गच्चीवर आली होती. मला राग लवकर येतो, आणि लोक पाहत असले की जास्तच येतो. घरात आलो आणि बायकोला सांगितलं, गॅरेज बांधायचं. पक्कं, शटरचं, आणि रीतसर परवानगी काढून.

'रीतसर' हा शब्द माझा. आमच्या भागात गाडीच्या छपरासाठी कोणी परवानगी काढत नाही. समोरचे गृहस्थ म्हणाले, "सर, च्यार पत्रे टाका अन् मोकळे व्हा. कोण पाहून राह्यलं?" मी म्हणालो, पोरांना आयुष्यभर ओळीत उभं केलं मी, आता स्वतः ओळ सोडू काय? मोठा तोरा होता मला त्याचा. चार पत्रे टाकले असते तर खोटं बोलायची वेळ आली नसती, हे मला फार उशिरा समजलं.

मग सुरू झाल्या चकरा. एका ऑफिसनं सांगितलं, तुमचं ले-आऊट आमच्या हद्दीत नाही. दुसऱ्यानं सांगितलं, हद्दीत आहे पण फाईल तिकडे आहे. सातबारा आणा, जुना मंजूर नकाशा आणा, कर भरल्याची पावती आणा. पावती नेली तर म्हणे ही घराची आहे, प्लॉटची कुठाय. मी एकदा खिडकीवर इतका मोठ्यानं बोललो की आतून एक जण उठून आला, आणि तो निघाला माझा विद्यार्थी. त्यानं खुर्ची दिली, पाणी दिलं, आणि अगदी नम्रपणे सांगितलं की सर, प्लॉटची पावती लागतेच. पाणी पिऊन घरी आलो.

नकाशे काढणाऱ्या माणसानं घराभोवती टेप धरून फेऱ्या मारल्या. घर आणि कुंपण ह्यांच्यामध्ये किती जागा मोकळी सोडायची त्याचे नियम असतात. त्या नियमात बसून गॅरेज एकाच ठिकाणी होऊ शकत होतं, घराच्या उजव्या बाजूच्या पट्ट्यात, मागच्या कुंपणाला टेकून. "बाकी कोठीच बसत नाई सर," तो म्हणाला. "इथं एकदम फिट बसते."

तिथूनच वाट होती.

मागच्या वाडीतली बाई त्या वाटेनं जायची. तिचा नवरा वाडी पिकवतो आणि ती भाजी बाजारात नेते. सकाळी डोक्यावर टोपलं घेऊन ती आमच्या मागच्या कुंपणातून आत यायची, घराच्या बाजूनं पुढं येऊन फाटकातून बाहेर पडायची, की समोर कोपरा. कोपऱ्यावर टेम्पो लागतो. आजूबाजूच्या वाड्यांतल्या सगळ्या बाया आपापली भाजी घेऊन त्यात बसतात. टेम्पोवाला कोणासाठी थांबत नाही, कारण बाजारात आधी पोचेल त्याला जागा. टेम्पो चुकला की बाजार चुकला. मग तिथंच कोपऱ्यावर पोतं अंथरून बसायचं आणि येणारा-जाणारा देईल त्या भावात भाजी द्यायची. उरली तर ढोरांना.

तिला दुसरा रस्ता नव्हता असं नाही. नाल्याच्या काठानं, मारुतीच्या देवळाला वळसा घालून कोपऱ्यावर येता येतं. पण तो लांबचा, आणि पावसाळ्यात तिथली काळी माती पाय सोडत नाही. आमच्या बाजूची वाट ले-आऊट पडायच्या आधीची. तिची सासूही तिथूनच जायची म्हणे. आम्ही घर बांधलं, कुंपणाची भिंत घातली, तेव्हा मिस्त्रीनं विचारलं होतं की मागं बंद करू का. मीच म्हणालो, राहू दे रे, ती बाई जाते-येते. भिंतीत माणूस जाईल एवढी खिंड ठेवली आणि ढोरं शिरू नयेत म्हणून खाली आडवा दगड टाकला. त्या दगडाचा मधला भाग पायांनी गुळगुळीत झाला होता.

आणि ती रिकाम्या हातानं कधी गेली नाही. जाताना पहिली जुडी आमच्या ओट्यावर ठेवायची. हिवाळ्यात सांभार, म्हणजे तुमची कोथिंबीर, नाहीतर मेथी. पावसाळ्यात अंबाडी. पैसे द्यायला गेलं की हात मागं घ्यायची. "बोहनी हाय जी हे. तुमच्या दारात ठेवली का बाजार चांगला होते." बायको तिला संक्रांतीला वाण द्यायची, आंब्याच्या दिवसांत लोणच्याची बरणी द्यायची. ह्या देण्याघेण्याला आम्ही कोणीच काही नाव दिलेलं नव्हतं. भिंतीत खिंड होती आणि ओट्यावर भाजी होती, असं चाललं होतं.

परवानगीचा अर्ज गेला त्या दिवसापासून बायको माझ्या मागे लागली. "तुम्ही तिले सांगतलं का?"

"सांगतो."

"कवा? भिंत उभी झाल्यावर?"

"तूच सांगजो ना मग."

"मी काऊन सांगू? वानराशी भांडण तुमचं, गॅरेज तुमचं, तुम्हीच सांगा."

मी सकाळी ओट्यावर पेपर घेऊन बसायचो ते सांगायचं म्हणूनच. ती यायची, जुडी ठेवायची, "बसले का सर" म्हणायची आणि पुढं जायची. मी "हो" म्हणायचो. ती भांडली असती, तर मला सोपं गेलं असतं. भांडणात मी कमी नाही. पण ती 'बरं' म्हणाली असती आणि दुसऱ्या दिवसापासून नाल्याकडून गेली असती. तिच्या त्या 'बरं'ची मला भीती वाटत होती. म्हणून उद्या, म्हणून परवा.

ऑफिसातून फोन आला की साहेब जागा पाहायला दुपारून येतील. ते आले सकाळीच. मी बनियनवर होतो. तरुण मुलगा, कानटोपी घातलेला, बोलायला गोड. सोबत टेप धरायला एक माणूस. मी म्हटलं आधी चहा घ्या, ते म्हणाले आधी काम. पट्ट्यात जाऊन त्यांनी मापं घेतली, माझ्या नकाशाशी ताडून पाहिली आणि खूश झाले. आजकाल इतकं बरोबर कोणी करत नाही सर, म्हणाले. मी फुगलो.

मग ते मागच्या भिंतीपाशी गेले. "ही खिंड कशाची?"

"भिंत पडली होती," मी म्हणालो. "बांधायची आहे."

हे मी ठरवून म्हटलं नाही. माझ्या तोंडून आपोआप गेलं. शाळेत पोरं अशीच सांगायची, सर, वही घरी राहिली.

"इथून कोणाची वहिवाट वगैरे नाही ना? असली तर आधीच सांगा. नंतर कोणी तक्रार केली की सगळंच अडकतं."

"नाही," मी म्हणालो.

आणि ती आली. खिंडीतून आधी टोपलं दिसलं, मग ती. दगडावर पाय ठेवून आत उतरली, तेव्हा तिला साहेब दिसले, टेप दिसला, जमिनीवर चुन्यानं आखलेली रेघ दिसली. ती रेघेच्या अलीकडेच थांबली. गॅरेजबद्दल तिला तोवर कोणी काही सांगितलेलं नव्हतं.

साहेबांनी माझ्याकडे पाहिलं, तिच्याकडे पाहिलं, आणि तिच्या पायांखालच्या जमिनीकडे पाहिलं. आमच्या पट्ट्यात सगळीकडे हरळी होती आणि मधून एक पायवाट होती, तिच्यावर गवताची काडी नव्हती. "बाई, तुम्ही इथून जाता काय रोज?"

तिनं माझ्याकडे पाहिलं. मी काय तोंड केलं होतं मला माहीत नाही. बायको स्वयंपाकघराच्या खिडकीत उभी होती, ती नंतर म्हणाली की पेपरात कॉपी सापडलेल्या पोरासारखं केलं होतं.

"नाई साहेब," ती म्हणाली. "माही काय वाट नाई इथून. काकूले सांभार द्याले आली होती." आणि टोपल्यातून एक जुडी काढून तिनं माझ्या हातात दिली. ओट्यावर नाही, हातात.

"हो, भाजी आणून देते ती आम्हाला," मी म्हणालो. इतकं बोलायची गरज नव्हती. तिनं सगळं केलं होतं. पण माणसानं एकदा सुरू केलं की थांबत नाही.

पुढं जे झालं ते मी मनात पुन्हा पुन्हा पाहिलं आहे. ती भाजी द्यायला आली होती, तर भाजी देऊन तिनं परत जायला हवं. समोर फाटक होतं, फाटकाबाहेर कोपरा, आणि टेम्पोची वेळ झालेली. साहेब बघत उभे होते. ती भरलेल्या टोपल्यासकट वळली, दगडावर पाय ठेवला आणि आली त्या खिंडीतून वाडीकडे परत गेली. माझं खोटं तिनं अगदी शेवटपर्यंत नेलं.

साहेबांचं लिहिणं चाललं होतं तेव्हा कोपऱ्यावर टेम्पोनं हॉर्न वाजवला. मला वाटलं आत्ताच सांगावं. बायकोनं आतून चहा आणला. साहेबांनी चहा घेतला, साखर बरोबर आहे म्हणाले, आणि गेले. मी जुडी हातात धरून उभाच होतो.

त्या दिवशी बायकोनं वरणावर सांभार घातला नाही. दुपारी ती एवढंच म्हणाली, "ते कोपऱ्यावर बसली हाय, पोतं टाकून. मी पाहून आली." मग म्हणाली, "मी अर्धं टोपलं घेऊन घेतो म्हटलं तं म्हणे, काकू, तुम्हाले इतकं काय करा लागते?"

संध्याकाळी मी वाडीवर गेलो. काय बोलायचं ते पाठ करत गेलो होतो. ती वांग्याच्या ओळीत वाकलेली होती. मला पाहून उभी राहिली, पदरानं तोंड पुसलं आणि मी काही बोलायच्या आत तिनंच विचारलं, "भेटली का जी परमिशन?"

"भेटन बहुतेक," मी म्हणालो. "तुम्ही तसं म्हणाले नसते तरी चाललं असतं."

"असं कसं? तुम्ही त्याले नाई म्हटलं, मले ऐकू आलं ना भिंतीमागून. मी हो म्हटलं असतं तं तुम्ही खोटे पडले असते साहेबापुढं. मास्तर माणूस तुम्ही." मग तिनं नवऱ्याला हाक मारून मला बसायला पोतं आणायला लावलं. मी बसलो नाही. पाठ केलेलं सगळं तसंच परत घेऊन आलो.

परवानगी आली. कागद हातात घेऊन मला खरं तर आनंद व्हायला हवा होता, इतक्या चकरा मारल्या होत्या. मी तो कपाटात टाकला. काम लांबवावं असं मनात येत होतं, पण मिस्त्री ठरलेला होता, रेती येऊन पडली होती. खरं सांगायचं तर तेव्हाही थांबवता आलं असतं. माझं मन सांगत होतं, थांबव, आणि मी मिस्त्रीला सांगत होतो, सळाख नीट बांध.

पाया खणला तरी ती काही दिवस तिथून जात राहिली. मजूर तिच्यासाठी नालीवर फळी टाकायचे. जोतं भरून झालं, साहेबांची जोत्याची पाहणीही झाली, आणि मागची भिंत चढायला लागली. ज्या दिवशी खिंड बंद होणार त्या दिवशी मी मुद्दाम वर्ध्याला काम काढून गेलो. परत आलो तर आडवा दगड मिस्त्रीनं भिंतीत घातला होता. चांगला घट्ट दगड होता, म्हणाला, फुकट काऊन जाऊ द्याचा?

दुसऱ्या दिवशी ओट्यावर भाजी नसेल असं मी धरून चाललो होतो. खोटं नाही बोलत, मला ते हवंही होतं. संपलं एकदाचं, असं वाटलं असतं. पण फाटक वाजलं. ती समोरून आली, नाल्याकडून वळसा घालून, घामानं डबडबलेली. जुडी ठेवली, "बसले का सर" म्हणाली आणि घाईघाईनं कोपऱ्याकडे गेली. वाट गेली तरी बोहनी तिनं सोडली नाही. आता ती आमच्यासाठी म्हणून फाटकात शिरत होती, आणि तेवढा वेळ तिच्या टेम्पो गाठायच्या वेळातून कमी होत होता.

"उद्यापासून आणू नका," मी तिला म्हटलं. ती हसली. "बाजार नाई होत जी मंग."

टेम्पो तिला कधी मिळायचा, कधी नाही. नाही मिळाला की ती कोपऱ्यावर बसायची. मी गाडी काढायला लागलो की तिला दिसायचो. मग मी गाडी काढणंच कमी केलं. बायको दवाखान्यात पुन्हा ऑटोनं जायला लागली. विचारलं तर म्हणायची, "तुमच्या गाडीत मले कोपऱ्यावरून नाई जावत."

तेव्हा मला ती युक्ती सुचली. गॅरेजला मागूनही दार ठेवायचं. कुंपणाचीच भिंत ती, दार वाडीकडे उघडेल. बाई मागून आत येईल, पुढच्या शटरमधून बाहेर पडेल. वाट पुन्हा तिथंच. मी इतका खूश झालो की जेवण सोडून उठलो. पण नकाशात दार नव्हतं आणि मी रीतसर माणूस. पुन्हा ऑफिस. तिथल्या बाबूनं नकाशा उलटसुलट करून पाहिला. "गॅरेजले मागून दार कायले लागते सर? गाडी आरपार नेता काय?"

आजूबाजूचे हसले. कारण लिहून द्या म्हणाले. कारण लिहायचं तर वहिवाट लिहावी लागली असती, आणि वहिवाट नाही असं मी सांगून बसलो होतो. पेन हातात धरून बराच वेळ उभा राहिलो. मग लिहिलं, हवा खेळती राहावी म्हणून. ते मंजूर झालं. हवेला कोणाची हरकत नव्हती.

दार बसलं. निळा रंग दिला. पहिल्या दिवशी मी स्वतः वाडीवर गेलो तिला सांगायला. "आता इथून जात जा. कडी वाडीच्या बाजूनं नुसती लोटलेली राहील. पुढचं शटर मी सकाळी उघडून ठेवत जाईन."

ती आली पाहायला. दारातून आत डोकावली. आत गाडी उभी होती. "अन् टोपल्याचा धक्का लागला गाडीले तं?"

"गाडी बाहेर ठेवतो."

बायको माझ्याकडे पाहतच राहिली. पण मी ठेवली गाडी बाहेर. वानरं परत आली, हुप्प्या टपावर येऊन बसला. मी त्याला काही बोललो नाही. गॅरेज झाडून ठेवलं, शटर वर केलं, ओट्यावर बसलो. फाटक वाजलं. ती नाल्याकडूनच आली होती.

असं रोजच झालं. शेवटी मी चिडलो. मला राग लवकर येतो हे सांगितलंच आहे, आणि माझी चूक असली की आणखी लवकर येतो. "दार काऊन केलं मग मी? तुमच्यासाठी केलं ना? जात काऊन नाही तुम्ही?"

तिनं टोपलं खाली उतरवलं. ती टोपलं कधी उतरवत नसे, परत चढवायला कोणीतरी लागतं. "रागावू नका सर. तुम्ही केलं, मले समजते. पण वाट असली का कोणाले विचारा नाई लागत. हे दार हाय. तुमच्या घराच्या दाराची कडी म्या रोज काढाची, म्हंजे कसं होते? उद्या तुमच्या पोराले, सुनेले नाई आवडलं तं? मंग मले पुन्हा नाल्याकडून जा लागन. त्यापरीस आतापासूनच पायाले सवय होऊ द्या."

मी टोपलं चढवायला हात लावला. जड होतं. इतकी वर्षं ते माझ्या घराजवळून गेलं, मी एकदाही उचलून पाहिलं नव्हतं.

पावसाळ्यात साहेब शेवटच्या पाहणीला आले. बांधकाम नकाशाप्रमाणे झालं की पूर्णत्वाचा दाखला मिळतो, तेवढ्यासाठी. तेच ते गोड बोलणारे. आत येऊन शटर वरखाली करून पाहिलं, मापं पाहिली, मागचं निळं दार उघडलं. ओल्या वाडीचा वास आत आला. "छान हवा येते सर."

"ते हवेसाठी नाही साहेब," मी म्हणालो.

ह्या वेळी मी ठरवून बोललो. इथून त्या बाईची वहिवाट होती, तुम्ही विचारलं तेव्हाही होती, मी खोटं सांगितलं आणि तिला खोटं बोलावं लागलं, हे सगळं सांगितलं. साहेबांनी छत्री मिटली, उघडली, परत मिटली. ते बिचारे अवघडले. "सर, हे मी लिहिलं तर तुमचा दाखला अडकेल. कदाचित बांधकामही."

"लिहा," मी म्हणालो. "अडकू द्या."

"तसं नुसतं तुमच्या सांगण्यावरून नाही लिहिता येत. त्या बाईंनीच सांगायला पाहिजे."

फाटक वाजलं. ती आली. चिखल पोटऱ्यांपर्यंत, एका हातात चपला, डोक्यावर टोपलं, त्यावर प्लास्टिकचा कागद. साहेब पुढं गेले. "बाई, खरं सांगा, भिऊ नका. इथून तुमची वहिवाट आहे ना?"

तिनं त्या दिवसासारखंच माझ्याकडे पाहिलं. मी मान हलवली, हो म्हणा, हो म्हणा. खिडकीतून बायकोही तेच खुणावत होती.

"नाई साहेब," ती म्हणाली. "माही वाट नाल्याकडून हाय."

आणि ह्या वेळी ते खरं होतं.

तिनं अंबाडीची जुडी ओट्यावर ठेवली. कोपऱ्यावर टेम्पो हॉर्न देत होता, ती तशीच फाटकातून निघाली. ओट्यापासून फाटकापर्यंत तिच्या चिखलाच्या पायांचे ठसे उमटले होते. साहेब त्यांच्याकडे पाहत राहिले, मग कागद गॅरेजच्या भिंतीला टेकवून त्यांनी लिहिलं, वहिवाट नाही. त्याखाली मी सही केली.